सलाउलाचा गठ्ठा

झांबियाच्या राजधानीत, लुसाकातल्या सोवेटो मार्केटमध्ये सकाळी गेलं की जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडताना दिसतात. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टाकून दिलेले, पट्ट्यांनी आवळून बांधलेले. पट्टी कापली रे कापली की बायका ढिगाला गराडा घालतात, उपसतात, उलटंपालटं करतात. त्यावरूनच या कपड्यांना इथे सलाउला म्हणतात. बेम्बा भाषेत ढिगातून उपसून निवडणं.

आमच्या शेजारच्या मावशींचा तिथे गाळा आहे. शर्ट हातात आला की त्या आधी शिवण दोन्ही बाजूंनी ताणून बघतात, मग कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एकदम बाबा आठवले. ते लालबागला गिरणीत साचेखात्यात होते, दुकानात कापड अगदी असंच चोळायचे. (बाबांची गिरणी गेली ती 1982च्या संपानंतर. ती कहाणी वेगळी.)

मावशी लिव्हिंगस्टनला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होत्या. 1991च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा हरले, फ्रेडरिक चिलुबा आले. नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या सल्ल्याने दरनियंत्रण उठलं, आयातकर उतरले, सरकारी कंपन्या विकायला निघाल्या. गठ्ठ्यांचा पूर आला आणि लिव्हिंगस्टनचे कारखाने एकेक करून बंद पडले. मावशींचाही. आता पोट चालतं ते त्याच गठ्ठ्यांवर.

तरी जुने दिवस परत यावेत असं त्यांना मुळीच वाटत नाही. काउंडांच्या काळात देशाची कमाई तांब्यावर, आणि त्याचे भाव पडल्यापासून परकीय चलनाचा खडखडाट. साबण, तेल, साखर, सगळ्याला रांगा. इथलं रोजचं जेवण म्हणजे न्शिमा, मक्याच्या पिठाचा आपल्या उकडीसारखा घट्ट गोळा. 1986च्या डिसेंबरात त्या पिठाचे भाव वाढले, तेव्हा कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, दंगली पेटल्या, माणसं मेली.

बाजार उघडायलाच हवा होता, हे मलाही पटतं. पण मुहूर्त कसला धरला? 1992चा दुष्काळ, वर्षाची महागाई शंभर टक्क्यांच्या वर, व्याजदर आभाळाला भिडलेले. नवी यंत्रं घ्यायला कारखान्याने पैसा आणायचा कुठून? आपल्याकडेही 1991मध्येच दारं उघडली, पण वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आजही निर्बंध आहेत. त्याचं मोल मला इथे येऊन कळलं.

परवा मावशींनी माझ्या मुलासाठी एक शर्ट बाजूला काढून ठेवला होता. कॉलर थोडी उसवलेली. घरी मशीनवर बसून त्यांनी ती पुन्हा शिवली, टाके नखाने तपासले. "असली शिवण आमच्या कारखान्यात पास झाली नसती," म्हणाल्या, आणि काही केल्या पैसे घेईनात.