मेजर पोअरची वही : १८९९ चा मोसम पूर्ण

जुन्या धावफलकांच्या माझ्या वहीत रॉबर्ट माँटेग्यू पोअरचा १८९९ चा मोसम एकदाचा पुरा झाला. पोअर इंग्लंडमधल्या हॅम्पशायर या काउंटी संघाचा हौशी फलंदाज, नोकरी सातव्या हुसार्स या घोडदळात. पुढे बोअर युद्धात त्याला डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

त्या मोसमात १५५१ धावा, सरासरी ९१.२३. १९३० मध्ये ब्रॅडमन येईपर्यंत इंग्लंडच्या मोसमात ही सरासरी कुणी ओलांडली नाही. माझा प्रश्न एवढाच होता की हा सगळा डोलारा टाँटनच्या मैदानावर त्याने एकाच खेळीत काढलेल्या ३०४ धावांवर तर उभा नाही ना? गणित मांडलं. पोअर १७ वेळा बाद झाला. ती खेळी काढून टाकली तर उरतात १२४७ धावा, १६ वेळा बाद, सरासरी ७७.९. म्हणजे त्रिशतक नसतं तरी मोसम थोरच!

नुसत्या हॅम्पशायरसाठी १३९९ धावा, सरासरी ११६.५८, त्याही १२ जून ते १२ ऑगस्ट या दोन महिन्यांत. इतर सामन्यांत पाच वेळा बाद होऊन फक्त १५२. ही तफावत मला फार रोचक वाटते. टाँटनला सहाव्या विकेटसाठी ४११ धावांची भागी झाली ती कॅप्टन विन्यार्डबरोबर. तोही लष्करी अधिकारी, ब्रह्मदेशातल्या कामगिरीसाठी डीएसओ, आणि जन्म सहारनपूरचा. विन्यार्डच्या २२५.

दक्षिण आफ्रिकेकडून १८९६ मधल्या तीन कसोट्या आधीच नोंदवून झाल्यात. तिथे इंग्लंडचा गोलंदाज लोमन याने सगळ्यांचीच दाणादाण उडवली, पोर्ट एलिझाबेथला तर संघ ३० धावांत गारद. त्यावरून पोअरला जोखणं अन्यायाचं होईल.

माझ्या मते त्याची खरी घडण आपल्याकडे झाली. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याचा तो एडीसी, म्हणजे लष्करी मदतनीस होता. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी सामने सुरू झाले, त्यांत तो खेळला. इंग्लंडमध्ये नाव होण्याआधीची ही वर्षं. चरित्रं लिहिणारे ती दोन ओळींत उरकतात, याचं मला वाईट वाटतं.

आता वहीत तीच पानं घेतोय. १८९२ ते १८९५ मधल्या मुंबई-पुण्याच्या सामन्यांचे सविस्तर धावफलक, विशेषतः गोलंदाजीच्या तपशिलासह, कुणाकडे असतील तर जरूर कळवा.