गुडघा, लिव्हर आणि मेडिकलवाले काका

सकाळी पर्वती चढायचा शहाणपणा केला, दुपारी गुडघा टम्म! कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी काही न विचारताच एक पट्टी पुढे सरकवली. "घ्या, तासाभरात पळाल." चष्मा कपाळावर ढकलून मागचं बारीक वाचलं: आयब्युप्रोफेन ४००, पॅरासिटामॉल ३२५. म्हटलं, काका, मला सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालंय. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असली दुखण्यावरची औषधं बंद; किडनीला धोका, वर रक्तस्रावाची भीती. गंमत अशी, की लिव्हर म्हटलं की लोक घाबरवतात पॅरासिटामॉललाच, आणि माझ्या डॉक्टरांनी नेमकं तेच चालेल म्हणून सांगितलंय. पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या फार तर चार गोळ्या. सर्दीच्या गोळीतलंही त्यातच धरायचं.

पट्टी परत केली. आता गुडघ्यावर बर्फ, आणि स्वयंपाकघरातून आवाज: "चढा अजून पर्वती!"