स्टँड गेला, निंब राहिला

आमच्या तालुक्याच्या गावातला एसटी स्टँड बायपासला जाऊन दीड वर्ष होत आलं. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या सकाळी चारजण दारात. यवतमाळ जिल्हा, कापसाचा पट्टा, मंगळवारचा बाजार, एवढं पुरे.

जुन्या स्टँडची जागा बाजारपेठेच्या ऐन मधोमध. आता तिथं पत्र्याचा शेड, फलाटांचे पुसट आकडे, 'चौकशी' लिहिलेली बंद खिडकी आणि एक मोठा निंब. त्या निंबाखाली दर हप्त्याला नवी योजना शिजते. दुकानदारांना तीन मजली कॉम्प्लेक्स पाहिजे. भाजीवाल्यांना ओटे. एमपीएससीवाल्या पोरांना अभ्यासिका पाहिजे, आणि त्यांचं काही चूक नाही. घरी एका पंख्याखाली पाच माणसं आणि टीव्ही. एका भाऊंना पुतळा हवा आहे. कोणाचा, ते अजून ठरायचं आहे.

मी या स्टँडवरून 19 वर्षं अपडाऊन केलं. जिल्हा परिषदेची शाळा, 22 किलोमीटर. माझ्या गाडीच्या आधी खेड्यावरची मुक्कामी गाडी परत यायची आणि तिच्यातून डबे उतरायचे. स्टीलचे, फडक्यात बांधलेले, कधी गाठीत पन्नासची नोट. इथं खोली करून शिकणारी पोरं खिडकीपाशी ताटकळत असायची. कंडक्टरभाऊ नाव विचारत नसत, फडक्यावरून डबा ओळखत. एकदा एका पोरानं दुसऱ्याचाच डबा नेऊन खाल्ला. मोठा गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी ज्याचा डबा गेला होता त्याच्या आईचा निरोप कंडक्टरनं भर फलाटावर सांगितला, "त्या पोट्ट्याले सांगजा, उद्यापासून दोन पोया जास्तीच्या टाकतो." ते पोट्टं खांबामागे उभं होतं. पुढं वर्षभर तो त्याच डब्यात जेवला.

आता डबे बायपासला उतरतात. पोरांच्या खोल्या जुन्या गावात, आणायला जायचं तर ऑटोचे 20 रुपये. डबे कमी झाले, मेस वाढल्या.

स्टँड हलवला ते चुकलं असं मी म्हणत नाही. बाजाराच्या दिवशी गाडी वळवायला कंडक्टर खाली उतरून शिट्ट्या मारायचा, केळीचे ठेले हटवायचा, तरी अर्धा तास जायचा. नव्या जागी गाड्यांना ऐसपैस जागा आहे. पण बाजार, दवाखाना, बँक, तहसील, सगळं राहिलं इकडेच. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं आणि खेड्यावरून येणाऱ्या बाया वाढल्या. पंचाहत्तरीच्या पुढचे तर त्याआधीपासूनच फुकट येतात. आता हिशोब असा, की पंधरा रुपयांत बाई गावावरून येते आणि बायपासवरून बाजारात यायला वीस देते. नाहीतर डोक्यावर गाठोडं घेऊन अडीच किलोमीटर पायी. एप्रिल-मेच्या उन्हात!

कॉम्प्लेक्सवाल्यांशी वाद घालून थकले, तेव्हा एका मंगळवारी वही घेऊन निंबाखाली जाऊन बसले. 11 ते 1. येऊन टेकणाऱ्या माणसागणिक एक रेघ. 64 बाया, 23 म्हातारे. गाडीची वाट पाहणारं त्यांत कोणी नव्हतं. कोणाला सामान ठेवायचं होतं, कोणाला लेकराला पाजायचं होतं, बाकीच्यांचे गुडघे. 11 जणींनी मला एकच विचारलं, "बाई, बाथरूम कुठीसा हाये?" बाथरूमला कुलूप आहे. मी त्यांना ओळखीच्या कापड दुकानात पाठवलं. दुकानदारीणबाई चांगल्या आहेत, पण पाचवीनंतर त्यांचाही चेहरा बदलला.

(एका उत्साही मुलाला तिथं एसटीचं संग्रहालय करायचं आहे. म्हणतो, 1 जून 1948ला पहिली गाडी धावली, आपला इतिहास आहे, मॅडम. ती गाडी पुणे-नगर धावली, बाबा. तेव्हा आपण मध्य प्रांत-वऱ्हाडात होतो, मुंबई राज्यात आलो ते 1956 साली. संग्रहालय कर, पण आधी बाथरूमचं कुलूप काढ.)

माझा पुतण्या वकिली शिकतो आहे. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. जागा महामंडळाची आहे, त्यामुळे नगर परिषदेच्या मनात आलं आणि ओटे बांधले, असं होत नाही. दुसरी, शहराच्या विकास आराखड्यात ती जागा बसस्थानक म्हणूनच दाखवलेली आहे. तो वापर बदलायचा तर 1966च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली नोटीस काढावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो. नोटीस एखाद्या पेपरच्या आतल्या पानावर येते आणि आमच्याकडे पेपर भज्यांखाली वाचतात. म्हणून मी ठरवलं, वाट पाहायची नाही.

अर्ज लिहिला, दीड पान. काय बांधायचं ते बांधा, पण निंब तोडू नका, तळमजल्याचा एक कोपरा बसायला मोकळा ठेवा, बायांचं स्वच्छतागृह चालू ठेवा, आणि बाजाराच्या दिवशी बायपासची गाडी इथं दोन मिनिटं थांबवता येते का, ते विचारा. सोबत रेघांच्या पानाची झेरॉक्स जोडली.

आवकच्या टेबलावरच्या पोरानं अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, तुमचं दुकान हाये का तिथं?"

"नाही."

"मंग घ्यायचं हाये?"

"नाही रे."

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग रजिस्टर ओढलं. "विषय काय लिहू?"

"बसायची जागा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं, 'दुकान गाळ्याबाबत', शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली.