काळा घोडा: मूळचा आणि नवा

आज मामांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत मूळचा काळा घोडा पाहिला आणि दुपारी फोर्टात जाऊन २०१७ मध्ये उभारलेला, स्वार नसलेला नवा घोडाही पाहिला. अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून घडलेला, युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १८७९ पासून फोर्टात होता. १९६५ मध्ये तो हलवला गेला, तरी परिसराचे नाव घोड्याचेच राहिले, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. शिल्पकार बोएम यांचे काम जवळून पाहावे असेच आहे. काळपट धातूवर हिरवट ओघळ उतरले आहेत, पण घोड्याच्या मानेचा ताठा तसूभरही कमी झालेला नाही.

मामांच्या मते तोच पुतळा जुन्या जागी परत आणायला हवा, कारण कला कलेच्या जागी आणि राज्यकर्ते इतिहासाच्या पुस्तकात असा भेद करता येतो. मला ते पटत नाही. ज्या घोड्याला मुंबईकरांनी आपले मानले, त्याच्या पाठीवर परक्या राजाला पुन्हा भर चौकात बसवण्याची गरज नाही; मात्र मूळ शिल्पाची निगा जिव्हाळ्याने राखली जावी, यावर आमचे पूर्ण एकमत आहे.