खंड पडला म्हणून डोस पहिल्यापासून? लसीकरणाचा माझा अनुभव

मुलाचे पेंटाव्हॅलंटचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांसह पाच आजारांवरची एकत्रित लस) दोन डोस झाले होते, तिसरा राहिला होता. मध्ये तो आजारी पडला, मग आम्ही घर बदललं आणि तारीख काही महिने पुढे गेली. प्रकरण एवढंच. पण त्यापायी जी डोकेफोड झाली, तिचा राग अजून गेलेला नाही.

मी दुसऱ्यांदा गरोदर होते, सहावा महिना सरत आला होता. म्हणून घरातल्या सगळ्यांच्या लसी एकदाच मार्गी लावायच्या ठरवल्या. सासऱ्यांचं फ्लू आणि न्यूमोनियाचं इंजेक्शन पटकन झालं, माझंही. अडलं ते मुलाचं.

नव्या केंद्रातल्या सिस्टरनी कार्ड उघडलं, तारखा बघितल्या आणि म्हणाल्या, "एवढा खंड पडलाय, आता पहिल्यापासून तिन्ही घ्यावे लागतील." मी काही बोलायच्या आत त्यांनी आधीच्या दोन तारखांवर निळ्या पेनने आडवी रेघ मारली. बॅच नंबर, जुन्या दवाखान्याचा शिक्का, सगळ्यावरून रेघ. मी म्हटलं, "सिस्टर, दिलेले डोस वाया कसे जातील?" त्यावर "आमच्याकडे असंच करतात" एवढंच उत्तर. वर मुलाचं नाक वाहताना दिसलं, तर "आज नकोच, बरा झाला की आणा."

पुढच्या वेळी गेले तर नवीन अडचण: घरात गरोदर बाई आहे, तेव्हा गोवराची लस मुलाला आत्ता देऊ नका. म्हणजे एका डोससाठी गेलेली मी आता दोन लसींना मुकणार होते. डॉक्टरांना भेटायचं म्हटलं, तर ते ठरावीक दिवशीच येतात. त्या दिवशी गेले, तर खिडकीवर सांगितलं की लसीकरणाच्या केससाठी डॉक्टर लागत नाहीत. पोट सांभाळत, कडेवर मूल घेऊन त्या बाकावर बसून राहायचं म्हणजे काय, ते खिडकीपलीकडून दिसत नसावं. मी हलले नाही. "डॉक्टर 'पहिल्यापासून' असं लिहून सही करणार असतील तर मी ऐकते," एवढंच सांगत राहिले.

शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कार्ड उजेडात धरून रेघेखालच्या तारखा वाचल्या आणि दोन मिनिटांत विषय संपवला. बाळांच्या नेहमीच्या लसींमध्ये दोन डोसांतलं अंतर कमीत कमी किती हवं याला नियम आहे. या लसीला ते ४ आठवडे. अंतर वाढलं म्हणून आधीचा डोस रद्द होत नाही, शरीराने जे शिकलंय ते टिकून असतं. जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. उलट धनुर्वात-घटसर्पाचे डोस गरजेपेक्षा जास्त झाले तर इंजेक्शनची जागा जास्त सुजते, दुखते. वय वाढल्यावर काही लसींचे डोस कमीही लागतात. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलत नाहीत. चांगला ताप असेल, मूल खरंच आजारी असेल तर थांबतात. आणि घरात गरोदर बाई असली तरी मुलाला गोवर-रुबेलाची लस देता येते, कारण लस घेतलेल्या मुलापासून आईला तो आजार होत नाही. त्याच बैठकीत एका मांडीत एक, दुसरीत दुसरं, अशी दोन्ही इंजेक्शनं झाली. रेघेशेजारी त्यांनी "तिसरा डोस" लिहून सही केली. मला रडू आलं, ते दमल्यामुळे आणि सुटल्यामुळेही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर तिथेच विचारा: "कमीत कमी अंतर पूर्ण झालंय ना? मग पुढचा डोस का नाही?" आणि कार्ड हातात द्यायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे फोटो होता म्हणून रेघ मारली तरी माझा जीव धास्तावला नाही.

रोटाव्हायरसच्या (बाळांच्या जुलाबांवरच्या) थेंबांचं मात्र वेगळं आहे. ते सुरू करायला अनेक ठिकाणी वयाची मर्यादा असते, तेव्हा ते लांबवू नका.

आता माझ्या लसीबद्दल. डांग्या खोकल्याचा डोस साधारण २७ ते ३६ आठवड्यांत देतात, काही देशांत त्याहून आधीही. पहिल्या बाळाच्या वेळी घेतला होता तरी पुन्हा घ्यायचा, प्रत्येक गरोदरपणात. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (आजाराशी लढणारे रक्तातले घटक) नाळेतून बाळाला मिळतात, आणि बाळाचे स्वतःचे डोस सुरू होईपर्यंत तीच त्याची ढाल. ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून अगदी शेवटच्या दिवसांवर टाकू नका. फ्लूचं इंजेक्शन गरोदरपणात कधीही चालतं, पण नाकात मारायचा फवारा नाही, कारण त्यात जिवंत विषाणू असतो.

सासऱ्यांच्या वेळी एक कळलं: नागिणीची लस साधारण पन्नाशीनंतर देतात, आणि नागीण एकदा होऊन गेली असली तरी घेता येते. घरात तान्हं बाळ येणार असेल तर आजी-आजोबांनीही डांग्या खोकल्याच्या बूस्टरबद्दल विचारावं.

गोवर, रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी गरोदरपणात घेत नाहीत. दिवस राहण्याआधी घ्यायच्या आणि मग किमान महिनाभर थांबायचं. रक्ततपासणीत रुबेलाची प्रतिकारशक्ती नाही असं निघालं, तर बाळंतपणानंतर लगेच लस देतात. बाळाला अंगावर पाजत असतानाही ती चालते. दवाखान्यातून घरी सोडताना ही गोष्ट सहज राहून जाते, म्हणून आधीच फाईलवर लिहून घ्या.