ताईचा डीआयआर भरला तो दिवस

माझ्या मावसबहिणीला घेऊन पहिल्यांदा पोलीस स्टेशनला गेलो तेव्हा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि वर सांगितलं, घरातलं भांडण आहे, घरातच मिटवा. ताई गप्प घरी आली आणि चार महिने परत काही बोललीच नाही. या चार महिन्यांचा मला आजही राग येतो, कारण डीव्ही कायद्यात, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, कोर्टाची ऑर्डर मागायला एफआयआर आधी लागतच नाही, आणि हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही.

नंतर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला, तिथून याच कायद्यासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडमचा पत्ता मिळाला. मॅडमनी डीआयआरचा (डोमेस्टिक इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे घरातल्या हिंसाचाराची नोंद) फॉर्म काढला. मारहाणीची तारीख विचारली तर ताईला आठवेना, मग म्हणाली गौरी जेवल्या त्याच रात्री, आणि मॅडमनी कॅलेंडर मागे उलटून तारीख लिहिली. बाकी काही नाही म्हणाली ताई. मॅडमनी विचारलं, पगार कोणाकडे असतो? तर म्हणे एटीएम कार्ड ह्यांच्याकडेच, रिक्षाला पैसे हवे तरी मागावे लागतात. हाही हिंसाचारच आहे, आर्थिक, असं म्हणून त्यांनी तिथेही टिक केली. ताई त्या टिककडे किती वेळ बघत बसली होती!

तर 2005 चा हा कायदा. अर्ज मॅजिस्ट्रेट कोर्टात करायचा आणि तुम्ही सध्या जिथे राहताय तिथल्या कोर्टात चालतो, माहेरी असाल तर माहेरच्या. बाईला सरकारी वकील-मदत फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो. मारू नको, फोन करून धमकावू नको, ऑफिसला येऊ नको हे सगळं ऑर्डरमध्ये मागता येतं आणि घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा हक्क मागता येतो, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे, आमचं खूप लांबलं, खोटं कशाला सांगू. म्हणून अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश पहिल्याच अर्जात मागा, प्लीज. ऑर्डर मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही.

ऑर्डरची कॉपी कोर्टातून फुकट मिळते. ताईने तिच्या तीन झेरॉक्स काढल्या, एक माझ्याकडे, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि एक लॅमिनेट करून पर्समध्ये, जिथे आता तिचं एटीएम कार्डही असतं.