इतके दिवस गप्प का होतीस?
आज आम्हा पोलिसांचं प्रशिक्षण होतं: लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईशी कसं वागायचं. कलमं बहुतेकांना पाठ असतात. हद्द आपली नसली तरी झिरो एफआयआर (म्हणजे गुन्हा नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा), जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा, तक्रारदार बाई म्हणेल तिथे, तिच्या घरीसुद्धा. टू-फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) करणं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येच गैरवर्तन ठरवलंय.

अडतं ते पहिल्या पाच मिनिटांत. वरचा प्रश्न किती सहज तोंडातून जातो! जबर धक्क्यानंतर घटना अनेकदा तुकड्यातुकड्यांनी आठवते. सांगताना मागेपुढे झालं म्हणजे ती खोटं बोलतेय, असं नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आधी पाणी, शांत खोली, मग तिच्याच शब्दांत जबाब.

आमच्याकडे अशी वेगळी खोली नाही. मागणीचं पत्र उद्याच वरिष्ठांना देतेय.